द्रोणागिरीच्या परिसरातील धूरमुक्त घरे : अनुदान आणि गावाचा वाटा

पनवेलहून उरणकडे येताना खाडी, मिठागरे आणि बंदराकडे जाणाऱ्या मालमोटारींच्या रांगा मागे टाकल्या की द्रोणागिरीचा डोंगर दिसू लागतो. डोंगरावर जुना किल्ला, पायथ्याशी करंजाचा कोळीवाडा, एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस सिडकोने वसविलेले नवे नगर, असा हा परिसर आहे. १९७४ साली 'मुंबई हाय' येथे तेल सापडले आणि त्यानंतरच्या काही वर्षांतच समुद्राखालील नळांवाटे नैसर्गिक वायू उरणच्या किनाऱ्यावर येऊ लागला. येथील प्रकल्पात त्यातून स्वयंपाकाचा वायू वेगळा काढला जातो. सिलिंडर भरण्याचा कारखाना याच तालुक्यात आहे. बोकडवीरा येथे याच वायूवर चालणारे वीजकेंद्र १९८२ पासून उभे राहिले व पुढे त्याची क्षमता वाढत गेली. १२ जानेवारी २०२४ पासून उपनगरी रेल्वेही उरणपर्यंत धावू लागली असून या मार्गावर द्रोणागिरी नावाचे स्थानक आहे.

राज्याच्या ऊर्जेच्या नकाशावर एवढे महत्त्वाचे स्थान असलेल्या या तालुक्यात सगळ्या घरांतील धूर मात्र अद्याप गेलेला नाही. पूर्वेकडील डोंगराळ पट्ट्यातील आदिवासी वाड्यांवर आजही अनेक घरांत फाटी पेटवूनच तांदळाची भाकरी भाजली जाते. याच पट्ट्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला आणि त्यात गोळीबाराला बळी पडलेल्यांची स्मृती हा तालुका आजही जपतो. जंगल आणि घरातली चूल यांचे नाते येथे किती जुने आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

घरातील ऊर्जा स्वच्छ व्हावी यासाठी शासनाच्या अनेक योजना आहेत आणि त्यांतून मिळणारे अनुदानही कमी नाही. तरीही, अनुदान मिळाले म्हणजे धूर गेला, असे समीकरण मांडता येत नाही. अनुदानातून साधन घरात येते. ते वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचे काम गावालाच करावे लागते. गेल्या सहा-सात दशकांतील महाराष्ट्राच्या अनुभवाचे सार एवढेच आहे. तो अनुभव काय सांगतो आणि द्रोणागिरीच्या परिसरातील गावांनी, वाड्यांनी व गृहनिर्माण संस्थांनी अनुदानाचा प्रस्ताव करताना त्यातून काय घ्यावे, याचा विचार या लेखात केला आहे.

धुराची किंमत

लाकूड, शेणी किंवा पाल्यापाचोळ्यावर चालणाऱ्या साध्या चुलीत जळण पूर्णपणे जळत नाही. न जळलेला भाग धूर, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूच्या रूपाने घरातच कोंडतो. चुलीपुढे बसणारी गृहिणी आणि तिच्याजवळ खेळणारे मूल यांना त्याचा सर्वांत अधिक उपद्रव होतो. डोळे चुरचुरणे, जुनाट खोकला, फुफ्फुसांचे विकार, लहान मुलांतील न्यूमोनिया आणि हृदयविकार यांच्याशी या धुराचा संबंध आहे. घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सरपणासाठी होणारी पायपीट आणि डोक्यावरचा भारा हे कष्ट आकड्यांत मोजले जात नाहीत. पण ते प्रत्येक वाडीला ठाऊक आहेत.

गोबर गॅसचा धडा

घरगुती स्वच्छ ऊर्जेसाठी अनुदान देण्याची परंपरा आपल्याकडे गोबर गॅसपासून सुरू होते. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६०च्या दशकाच्या आरंभी, वर तरंगणारी लोखंडी टाकी असलेले संयंत्र खेड्यापाड्यांत नेले. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला आणि केंद्राचे अनुदान पंचायत समितीमार्फत शेतकऱ्यापर्यंत पोचू लागले. महाराष्ट्रात नऊ लाखांहून अधिक संयंत्रे बांधली गेली व या कामात आपले राज्य देशात आघाडीवर राहिले.

या संयंत्राचे गणित सोपे आहे. २ घनमीटर क्षमतेच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण व तेवढेच पाणी लागते. तीन-चार मोठी जनावरे असलेल्या घराला ते परवडते. एक घनमीटर बायोगॅस हा सुमारे ०.४३ किलो स्वयंपाकाच्या वायूइतके काम देतो. म्हणजे संयंत्र पूर्ण क्षमतेने चालल्यास महिन्याला सुमारे २५ किलो, अर्थात १४.२ किलोच्या पावणेदोन सिलिंडरांइतका वायू घरच्या घरी मिळतो. शिवाय बाहेर पडणारी स्लरी हे उत्तम खत असते.

मात्र बांधलेली सारीच संयंत्रे चालू राहिली नाहीत. कोठे जनावरे विकली गेली आणि शेण कमी पडले. कोठे लोखंडी टाकी गंजली. कोठे नळीत पाणी साचले आणि ते काढून टाकण्याची साधी युक्ती माहीत नसल्याने शेगडी बंद पडली. दुरुस्ती अवघड नव्हती, पण ती करणारा माणूस गावात नव्हता. अनुदान बांधकामापुरते होते. पुढच्या देखभालीची तरतूद त्यात क्वचितच असे.

निर्धूर चुलीच्या बाबतीतही असेच घडले. १९८०च्या दशकाच्या मध्यास सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमातून २००२ पर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. धुराड्याची चूल हे चांगलेच साधन होते. परंतु वाटपाचे उद्दिष्ट पूर्ण करण्याच्या घाईत प्रत्येक घराची भांडी, भाकरीचा तवा आणि स्वयंपाकाची पद्धत यांच्याशी चुलीचा मेळ बसतो की नाही, हे पाहिले गेलेच असे नाही. धुराडे तुंबले, चुलीला तडा गेला, की घरातील बाई पुन्हा तीन दगडांकडे वळे. कार्यक्रम २००२ मध्ये थांबला. त्यानंतर पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने वेगळी वाट धरली. बाहेरून मिळालेला अनुदानाचा पैसा चुली फुकट वाटण्यावर खर्च न करता तो कुंभार आणि महिला बचत गट यांना चूल घडविण्याचे व विकण्याचे शिक्षण देण्यावर खर्च केला. चूल फुटली तर ती पुन्हा करून देणारा कारागीर जवळपास असावा, हा त्यामागील विचार होता. अनुदानाचा पैसा कोठे खर्च करावा, याचे हे उद्बोधक उदाहरण आहे.

सिलिंडर घरात आला, पुढे काय?

१ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली. आरंभी प्रत्येक जोडणीसाठी १,६०० रुपयांचे साहाय्य होते. आठ कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट मुदतीपूर्वीच पूर्ण झाले आणि आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच राज्यात, तत्कालीन औरंगाबाद येथे देण्यात आली. एवढ्या थोड्या काळात एवढ्या घरांत गॅस पोचल्याचे उदाहरण जगात विरळा आहे.

जोडणीनंतरचा प्रश्न पुन्हा भरण्याचा. सारा स्वयंपाक गॅसवरच करणाऱ्या कुटुंबाला वर्षाला साधारण सात-आठ सिलिंडर लागतात. उज्ज्वलाच्या लाभधारकांची सरासरी २०१९-२० मध्ये ३.०१ सिलिंडर होती. २०२३-२४ मध्ये ती ३.९५ झाली. म्हणजे वापर वाढतो आहे, पण चूल अजून विझलेली नाही. ही अडचण ओळखून केंद्राने २०२२ पासून उज्ज्वलाच्या लाभधारकांना प्रत्येक सिलिंडरमागे वेगळे अनुदान सुरू केले. राज्य शासनानेही २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना जाहीर करून पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर विनामूल्य देण्याचे ठरविले. साधनापुरते असलेले अनुदान वापरापर्यंत नेण्याची ही पावले होत.

जेथे गाव पुढे आले

घराघरांना स्वतंत्रपणे मिळणाऱ्या साहाय्यापेक्षा गावाने एकत्र येऊन घेतलेल्या अनुदानाचे स्वरूप निराळे असते. राज्यात त्याची चांगली उदाहरणे आहेत.

पुणे जिल्ह्यातील देहू येथे डॉ. एस. व्ही. मापुसकर हे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. रुग्णांना औषध देत असताना रोगाचे मूळ उघड्यावरील घाणीत आहे, हे त्यांनी गावकऱ्यांना समजावून दिले. कोकणातील गोपुरी येथे अप्पासाहेब पटवर्धनांनी केलेल्या प्रयोगांचा धागा पुढे नेत त्यांनी शौचालयाला जोडलेले बायोगॅस संयंत्र विकसित केले. ते 'मलप्रभा' या नावाने ओळखले जाते. मैल्यापासून मिळालेल्या वायूवर अन्न शिजविण्यास लोक सहजी तयार होत नाहीत. ती अढी गावातच राहून, वर्षानुवर्षे लोकांशी बोलूनच दूर करावी लागली. केवळ पैशाने ते काम झाले नसते. डॉ. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने कुडाळ परिसरात घरोघरी गोबर गॅस नेण्याचे काम चिकाटीने केले आहे. कोकणच्या पावसात आणि खाऱ्या हवेतही संयंत्रे उत्तम चालतात, हे त्यातून दिसले.

वनालगतच्या गावांसाठी २०१५ मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आली. तिच्यात गावाची समिती आराखडा करते आणि कुटुंबांना ७५ टक्के अनुदानावर गॅसजोडणी मिळते. उरलेला वाटा कुटुंबाचा असतो. गाव वनाचे रक्षण करील आणि वनावरील जळणाचा भार कमी करील, असा हा परस्परांतील करारच आहे.

साताऱ्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून २०२४ मध्ये घोषित झाले. ग्रामस्वच्छतेच्या कामात आधीच नावाजलेल्या या छोट्या गावाने घरोघरच्या छपरांवर सौर पॅनेल बसविण्याचा निर्णय एकत्रितपणे घेतला. स्वच्छतेच्या निमित्ताने लागलेली एकोप्याची सवय ऊर्जेच्या कामी आली, असेच म्हणावे लागेल.

आज उपलब्ध असलेले मार्ग

प्रस्ताव करण्यापूर्वी अनुदानाचे मार्ग माहीत असावेत. राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाचा पहिला टप्पा २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी मंजूर झाला. त्यात लहान बायोगॅस संयंत्रांना आकारमानानुसार ९,८०० ते ७०,४०० रुपयांपर्यंत केंद्रीय साहाय्य ठरविण्यात आले. पुढील काळातील दर पंचायत समितीच्या कृषी विभागातून विचारून घ्यावेत.

छपरावरील सौर विजेसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्य घर : मोफत वीज योजना सुरू झाली. २०२६-२७ पर्यंत एक कोटी घरांचे तिचे उद्दिष्ट आहे. घरासाठी पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन वा अधिक किलोवॅटना एकूण ७८,००० रुपये असे साहाय्य त्यात आहे. गृहनिर्माण संस्थांना उद्वाहन, पंप, जिन्यातील दिवे अशा सामाईक सोयींसाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात. याच योजनेत जिल्ह्यातून स्पर्धेने निवडलेल्या एका आदर्श सौर गावाला एक कोटी रुपयांचे साहाय्य ठेवले आहे.

तिसरा मार्ग उद्योगांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते आणि ज्या परिसरात कंपनीचे काम चालते त्याला प्राधान्य द्यावयाचे असते. उरण तालुक्यात मोठे उद्योग आहेत आणि त्यांच्यासाठी ज्यांनी आपली भातशेती व मिठागरे दिली ती गावेही येथेच आहेत. नीट तयार केलेला प्रस्ताव घेऊन या उद्योगांकडे जाण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

याखेरीज जागतिक पर्यावरण निधीचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून चालू असून स्थानिक लोकसंस्थांना थेट अनुदान देणे हेच त्याचे काम आहे. तांत्रिक मार्गदर्शनासाठी पुणे येथील 'महाऊर्जा' ही राज्य शासनाची संस्था आहे.

प्रस्ताव कसा करावा

पहिले काम पाहणीचे. घरे किती, जनावरे किती, सिलिंडर वर्षातून किती वेळा भरला जातो, सरपण कोठून येते, पावसाळ्यात काय अडचण होते, याची नोंद वाडीतील महिलांनीच करावी. जी चुलीपुढे बसते तिच्याइतके अचूक उत्तर दुसरे कोणी देऊ शकत नाही.

दुसरे काम साधनाच्या निवडीचे. द्रोणागिरीच्या परिसरात एकच साधन सर्वांना चालणार नाही. डोंगराकडील ज्या घरांत जनावरे आहेत तेथे गोबर गॅस योग्य. मात्र खाऱ्या हवेत लोखंडी टाकी लवकर गंजते, म्हणून विटांच्या घुमटाचे 'दीनबंधू' पद्धतीचे संयंत्र बरे. खाडीलगत जमिनीत थोड्याच खोलीवर पाणी लागते. तेथे खड्डा खणण्यापूर्वी भरपावसातील पाण्याची पातळी पाहावी. जनावरे नसलेल्या वाड्यांत गॅसजोडणी आणि तिच्या जोडीला सुधारित चूल हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. कोळीवाड्यातील व नगरातील ओल्या कचऱ्यासाठी सामुदायिक संयंत्राचा विचार करता येईल. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' पद्धतीचे असे संयंत्र रायगड जिल्ह्यातच माथेरानला उभारले गेले आहे.

नगरातील इमारतींसाठी सौर वीज सोयीची आहे. समजा, एखाद्या संस्थेने १० किलोवॅटचा संच बसविला, तर १,८०,००० रुपये अनुदान मिळेल आणि रोज एका किलोवॅटमागे सरासरी चार युनिट धरल्यास महिन्याला सुमारे १,२०० युनिट वीज तयार होईल. मात्र ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्याने 'निसर्ग' चक्रीवादळ अनुभवले आहे. त्यामुळे पॅनेलचा सांगाडा गंजरोधक व वाऱ्यास टिकणारा असावा, ही अट करारातच घालावी. वाहनांची धूळ येथे फार. पॅनेल धुण्याचे काम कोणाचे, हेही आधीच ठरवावे.

तिसरे काम गावाच्या वाट्याचे. संपूर्ण फुकट मिळालेल्या वस्तूची कदर राहत नाही, हे खरे. पण वाटा पैशातच असला पाहिजे असे नाही. खड्डा खणणे, वाळू-विटा वाहणे, जागा देणे हेही वाट्यात धरता येते. कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या कामासाठी वर्षातील काही महिने बाहेर असतात; त्यांच्या वाट्याची आणि संयंत्राच्या वापराची आखणी त्यांचे हे वेळापत्रक पाहूनच करावी.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे काम दुरुस्तीच्या तरतुदीचे. उदाहरणार्थ, चाळीस घरांच्या वाडीने दरमहा घरटी २० रुपये बाजूला ठेवले तर वर्षाला ९,६०० रुपये जमतात. त्यातून शेगडीचे बर्नर, नळ्या, झडपा बदलता येतात आणि गावातीलच प्रशिक्षित तरुणाला किंवा तरुणीला मेहनताना देता येतो. दोन गवंडी आणि दोन दुरुस्ती करणारे हात गावातच तयार व्हावेत, यासाठी प्रशिक्षणाचा खर्च प्रस्तावात अवश्य दाखवावा. हा निधी महिला बचत गटाच्या नावे बँकेत असावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा.

पाचवे, अनुदान टप्प्याटप्प्याने मागावे. एक हप्ता कामाच्या आरंभी, दुसरा काम पूर्ण झाल्यावर आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटल्यानंतर, किती घरांत साधन प्रत्यक्ष चालू आहे हे पाहून. अनुदान देणाऱ्याला ही पद्धत विश्वासाची वाटते आणि गावालाही काम टिकविण्याची सवय लागते.

यशाचे मोजमाप

किती संयंत्रे बांधली, किती सिलिंडर वाटले, हे आकडे अहवालासाठी आवश्यक आहेतच. परंतु गावाने आपल्यापुरते आणखी एक साधे माप ठेवावे. वर्ष संपताना किती घरांतील चूल खरोखर थंड झाली? ज्या घरात ती पुन्हा पेटली तेथे कारण काय? सिलिंडर महाग पडला, की शेण कमी पडले, की नळी तुटली? कारण कळले तर उपाय सापडतो, आणि पुढील वर्षाच्या प्रस्तावाचा आधारही त्यातच मिळतो.

द्रोणागिरीच्या पायथ्याशी आलेल्या वायूने गेली अनेक वर्षे दूरदूरच्या शहरांतील शेगड्या पेटविल्या. त्याच परिसरातील शेवटच्या वाडीवरील गृहिणीला धुराविना स्वयंपाक करता येणे, ही केवळ सोयीची नव्हे तर न्यायाची गोष्ट आहे. त्यासाठी योजना आहेत, निधीचे मार्ग आहेत, राज्यातील अनुभवही आहे. आता ग्रामसभेने, बचत गटाने, गृहनिर्माण संस्थेने एक वही उघडून पाहणीस आरंभ करावा. पुढील ग्रामसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय आला, तर निम्मे काम झाले असे समजावयास हरकत नाही.